दुसऱ्या राज्यात बदली घ्यावी का? शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय

धायरीकर_७९ (सोमवार, रात्री ११:२२)
नमस्कार मंडळी. फाटे न फोडता विचारतो. कंपनीने दुसऱ्या राज्यातल्या प्लांटला बदली देऊ केलीय. ग्रेड एक वर, पगार बऱ्यापैकी वाढतोय, सामान हलवायचा खर्च त्यांचा. शुक्रवारी एचआरला हो-नाही कळवायचंय.

पुण्याला मी विटलोय. सकाळी सव्वासहाला नवले पुलाजवळ कंपनीची बस. चाकणला टेकेपर्यंत आठ, मोशीत एखादा कंटेनर बंद पडला की साडेआठ. घरी यायला रात्रीचे आठ. सोसायटीत टँकर. काल सकाळी टँकरचा पाइप टाकीच्या तोंडातून निसटला आणि पाणी सगळं पार्किंगमध्ये. चौथ्या मजल्यावरच्या काकू गाऊनवरच बादली घेऊन खाली धावल्या, त्यांच्यामागे मी. गाडीच्या चाकाशी साचलेलं पाणी मगाने भरत होतो. तिथेच ठरवलं, बास.

कुणी असं राज्य सोडून गेलंय का? आयुष्य खरंच सुधारतं का?

सुमेधा_के (सोमवार, ११:३५)
कुठलं राज्य? कुठलं शहर? घरात कोण कोण आहे? मुलं किती मोठी? वहिनी नोकरी करतात का? यातलं एकही न सांगता "आयुष्य सुधारतं का" विचारलंत. ज्योतिषीसुद्धा निदान जन्मवेळ मागतो.

टोरांटोचा_तात्या (सोमवार, ११:५१)
राज्य कशाला, देशच सोडा. मी २०११ साली आलो. पहिले दोन हिवाळे रडलो, आता परत यायचं नाव काढत नाही. इंग्रजीची परीक्षा आणि पदवीचं मूल्यांकन एवढं आधी उरकून घ्या. हवं असेल तर सविस्तर लिहितो.

फुरसुंगीचा_गणप्या (मंगळवार, सकाळी ७:०४)
तात्या, त्यांना शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय, तुमचा व्हिसा तोवर येईल का?

धायरीकर, टँकरचं दुःख आम्हाला सांगू नका. तुमचं धायरी २०१७ साली महापालिकेत आलं आणि आत राहिलं तरी. आमचं फुरसुंगी त्याच वेळी आत घेतलं, नंतर बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. आम्ही जागचे हललो नाही, पत्ता मात्र हलत राहिला.

निवांत_नाना (मंगळवार, ८:१५)
पुण्यात काय वाईट आहे ते मला अजून कळलेलं नाही. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. नारायण पेठेतलं घर गेलं. वडिलांनी भिजलेलं किडूकमिडूक उन्हात वाळवलं आणि इथेच पुन्हा संसार मांडला. पळून गेले नाहीत. हल्लीच्या मुलांना एक टँकर चुकला की गाव सोडावंसं वाटतं.

सुमेधा_के (मंगळवार, ८:४०)
नाना, तेव्हा तुमचे वडील कामावर चालत जात असतील. त्यांना चाकणला जायचं नव्हतं.

धायरीकर_७९ (मंगळवार, दुपारी १:१०)
जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. गुजरात. बडोद्याजवळ. घरात मी, बायको, आई, मुलगी. आईचे गुडघे गेलेत, पण ती म्हणते तुम्ही जाल तिथे येते. आता सांगा.

दांडियाबाजार (मंगळवार, १:३२)
आमची चौथी पिढी बडोद्यात, म्हणून अधिकाराने बोलतो. भाषेची भीती नको. महिनाभरात "केम छो"च्या पुढे जाल आणि भाजीवाली तुम्हाला मराठीत उत्तर देईल. पुण्याहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी बडोदं. नवरात्रात शहर झोपत नाही, एवढी एक तयारी ठेवा.

घर आधी भाड्याने घ्या, वर्षभर विकत घेऊ नका. दोन कारणं. एक, विश्वामित्री. ऑगस्ट २०२४मध्ये समा, अकोटा, फतेगंज भागात घराघरांत पाणी होतं आणि नदीतल्या मगरी रस्त्यावर. तळमजला स्वस्तात मिळतोय म्हणून भुलू नका. शेजाऱ्याला विचारा, भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं. तो हाताने दाखवेल. दुसरं, शहराचे काही भाग अशांत धारा नावाच्या कायद्याखाली आहेत. तिथे घराची खरेदी-विक्री कलेक्टरच्या परवानगीशिवाय होत नाही. दलाल हे शेवटी सांगतो.

"जवळ" म्हणजे नक्की कुठे? मकरपुरा? सावली?

बिनधास्त_बाळ्या (मंगळवार, १:४५)
आणि संध्याकाळची सोय? तिथे कोरडं असतं राव. शनिवारी दमणला जाणार का? 😀

कवलाण्याचा (मंगळवार, २:२०)
बडोद्याला "दुसरं राज्य" म्हणणंच जिवावर येतं. आमच्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा पोरगा १८७५ साली दत्तक जाऊन तिथे सयाजीराव झाला. १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं त्यांनी. बाबासाहेबांना १९१३ साली अमेरिकेला शिकायला जाण्यासाठी शिष्यवृत्ती दिली ती बडोद्यानेच. अशा गावी जायला विचार कसला करायचा?

भीमथडीचा_स्वार (मंगळवार, २:४१)
शिष्यवृत्ती दिली ते बरोबर. पुढचंही सांगा ना. १९१७ साली बाबासाहेब त्याच बडोद्यात नोकरीला गेले तेव्हा राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून राहावं लागलं आणि कळल्यावर लोक लाठ्या घेऊन दारात आले. राजा चांगला म्हणून घरमालक चांगला असं होत नाही.

हे इतिहास म्हणून नाही सांगत. मी कामानिमित्त दोन वर्षं तिकडे होतो. फोनवर घर पक्कं व्हायचं, भेटायला गेलं की आडनाव, मग "नॉनव्हेज खाता का". तिसऱ्या घरी मी सरळ विचारलं, नेमकं काय विचारायचंय तेवढं विचारा. धायरीकर, तुमच्याकडे मासळी शिजत असेल तर सोसायटीचा नियम आधीच विचारून घ्या.

दांडियाबाजार (मंगळवार, ३:०५)
सगळीकडे असं नाही हो. आमच्या गल्लीत रविवारी कुणाकडे काय शिजतंय ते वासावरून कळतं. पण नव्या मोठ्या सोसायट्यांत हे चालतं, नाकारत नाही.

निवांत_नाना (मंगळवार, ३:३०)
हे पुण्यातही चालतं. पेठेत तर पूर्वी पाटीच लावायचे.

फुरसुंगीचा_गणप्या (मंगळवार, ३:३४)
नाना, सकाळी पुण्यात काय वाईट आहे ते कळत नव्हतं, आता एक सापडलं.

अनघा_वाकड (मंगळवार, संध्याकाळी ६:१८)
मुलगी कितवीत आहे?

सुमेधा_के (मंगळवार, ६:२५)
आणि वहिनी नोकरी करतात का? दुसऱ्यांदा विचारतेय.

धायरीकर_७९ (मंगळवार, रात्री ८:५०)
आत्ता घरी पोचलो, बसमध्ये एक पट्टी नेटवर्क नव्हतं. प्लांट हालोलला आहे, राहायचं बडोद्यात. मुलगी दहावीत, स्टेट बोर्ड. मार्चमध्ये परीक्षा, जूनला जॉइनिंग, त्यामुळे वेळ एकदम जुळतेय. अकरावी तिकडेच. तिला डॉक्टर व्हायचंय, क्लास तिथेही असतीलच.

अनघा_वाकड (मंगळवार, ९:०२)
थांबा. शुक्रवारी काहीही कळवायच्या आधी हे वाचा.

आम्ही हेच केलं. मुलगा दहावी झाला आणि नवऱ्याची बदली म्हणून बंगळुरूला गेलो. अकरावी-बारावी तिकडे. नीटला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, मार्क बरे पडले आणि मग कळलं की आम्ही कुठल्याच राज्याचे नाही. सरकारी मेडिकलच्या १५ टक्के जागा देशभरासाठी, बाकी ८५ टक्के त्या त्या राज्याच्या. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत यायचं तर नुसता डोमिसाइल (रहिवासी दाखला) पुरत नाही, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून लागतात. कर्नाटकाला त्यांच्याकडे शिकलेली कितीतरी जास्त वर्षं हवी होती. उरले ते १५ टक्के आणि अभिमत विद्यापीठांची फी. ती फी कॅल्क्युलेटरवर साडेचार वर्षांनी गुणली आणि नवऱ्याने फोन उलटा ठेवला. मुलगा आता फिजिओथेरपी करतोय. त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही, पण मला ते दिसतं.

तुमच्या मुलीची दहावी महाराष्ट्राची, बारावी गुजरातची होईल. गुजरातचा राज्य कोटाही दहावी-बारावी तिथली किंवा तिथला डोमिसाइल बघतो. तो डोमिसाइल दोन वर्षांत मिळत नाही.

बिनधास्त_बाळ्या (मंगळवार, ९:१५)
सीबीएसईला टाका, प्रश्न मिटला. केंद्राचं बोर्ड, सगळीकडे चालतं. माझ्या भाच्याने तेच केलं.

अनघा_वाकड (मंगळवार, ९:२१)
बोर्डाचा काही संबंध नाही हो. बोर्ड कुठलंही असू दे, शाळा कुठल्या राज्यात आहे ते बघतात. भाचा मेडिकलला आहे का?

बिनधास्त_बाळ्या (मंगळवार, ९:२४)
नाही, इंजिनिअरिंगला.

मोशीचे_मास्तर (मंगळवार, ९:४०)
इंजिनिअरिंगचं गणित वेगळं. सीईटीला आई किंवा वडील महाराष्ट्राचे डोमिसाइल असतील तर बाहेर बारावी केलेल्यालाही वाट आहे. एनआयटीला (केंद्राची इंजिनिअरिंग कॉलेजं) मात्र बारावी जिथून पास तेच तुमचं राज्य. म्हणजे नागपूरच्या निम्म्या जागांवरचा घरचा हक्क जाऊन सुरतेचा मिळतो. भाच्याचं निभलं म्हणून मेडिकलवाल्या मुलीला तोच रस्ता दाखवू नका. अनघाताई बरोबर सांगताहेत. नियम दरवर्षीच्या माहितीपत्रकात छापतात. उद्या रात्री बसून पात्रतेचं प्रकरण वाचा, क्लासवाल्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. सवलती आहेत त्या सरकारी बदल्यांसाठी, खासगी कंपनीची बदली त्यात बसत नाही.

दांडियाबाजार (मंगळवार, १०:०५)
मी वेगळ्याच गोष्टीवर अडकलोय. हालोल? अहो, बडोद्यातून हालोल चाळीसेक किलोमीटर आहे. धायरीतून चाकण किती पडतं?

फुरसुंगीचा_गणप्या (मंगळवार, १०:०९)
चाळीस-पंचेचाळीस. 🙏

दांडियाबाजार (मंगळवार, १०:१४)
म्हणजे चाळीस सोडून चाळीस. रस्ता मात्र सरळ आणि रुंद आहे, पाऊण तास ते तास. तुमचे दोन तास वाचतील रोजचे, ते खरं.

गाडीवान (मंगळवार, १०:३०)
गाडीचं कुणीच बोललं नाही. एमएच पासिंगची गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नंबर बदलावा लागतो. आधी इथल्या आरटीओची एनओसी. कर्ज असेल तर बँकेचीही. तिकडे टॅक्स पुन्हा भरायचा, मग इकडचा उरलेला टॅक्स परत मागायचा अर्ज. माझा अर्ज दोनदा "सापडत नाही" झाला. पोचपावतीचा फोटो काढून ठेवा.

धायरीकर_७९ (मंगळवार, १०:४८)
गाडी नाहीये. टू-व्हीलर आहे फक्त, ती मेहुण्याला देईन.

मेडिकलचं डोक्यात नव्हतं. मुलीला विचारलं तर म्हणाली, "बाबा, मला माहीत होतं. तुम्ही इतके खूश दिसत होतात म्हणून बोलले नाही." आता काय बोलायचं.

सुमेधा_के (मंगळवार, १०:५२)
तिसऱ्यांदा विचारते. वहिनी.

धायरीकर_७९ (मंगळवार, ११:१६)
जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. हवेली तालुक्यात. सतरा वर्षं झाली. बदली मिळाली तर बघू म्हणते.

मोशीचे_मास्तर (मंगळवार, ११:२५)
अहो!! कसली बदली? पती-पत्नी एकत्रीकरण असतं ते राज्याच्या आत. आंतरजिल्हा बदलीलाच माणसं वर्षानुवर्षं रांगेत असतात, गुजरातला झेडपीची शिक्षिका कशी पाठवणार? म्हणजे राजीनामा. स्वेच्छानिवृत्तीला वीस वर्षं सेवा लागते, त्यांना अजून तीन बाकी. हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून तुम्ही टँकर लिहिलात.

निवांत_नाना (मंगळवार, ११:३१)
तरी मी म्हणत होतो.

सुमेधा_के (मंगळवार, ११:३३)
नाना, तुम्ही पानशेत म्हणत होतात.

टोरांटोचा_तात्या (बुधवार, पहाटे ३:५०)
आमच्याकडे शिक्षिकांना मागणी आहे. सुचवून ठेवतो.

अनघा_वाकड (बुधवार, सकाळी ७:३०)
एचआरला दोन वर्षांची मुदत मागून बघितलीत का? मुलीची बारावी होईतो तुम्ही एकटे जा, महिन्यातून दोनदा रात्रीच्या गाडीने या. आमच्याकडे हे कुणाला सुचलंच नाही. सगळ्यांनी एकत्र राहायचं, हाच हट्ट धरून बसलो.

भीमथडीचा_स्वार (बुधवार, ७:५५)
मग टँकर आल्यावर बादली कोण धरणार? त्याचा हिशेबही करा. सासू, गुडघे, दहावीनंतरचा क्लास, शाळा, सगळं वहिनींच्या अंगावर येतं. त्यांना विचारलंय का, की "बघू म्हणते" हेच उत्तर धरून चाललात?

धायरीकर_७९ (गुरुवार, रात्री ९:४०)
विचारलं. काल रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसलो. ती म्हणाली, मी बघू म्हणाले कारण तू विचारलंच नव्हतंस, सांगितलं होतंस. तिने वहीत एका बाजूला माझी पगारवाढ आणि दुसऱ्या बाजूला तिचा पगार लिहिला. पुढे वजाबाकी करायची गरज पडली नाही. टँकरचं तिने वॉचमनशी आधीच ठरवून ठेवलं होतं म्हणे, रविवारी मीच मध्ये कडमडलो.

आज साहेबांना सांगितलं, बदली घेतो पण एकटा, आणि दोन वर्षांनी परत यायचं हे पत्रात हवं. ते म्हणाले वरती विचारतो. पत्र आलं तर जाणार, नाही तर सव्वासहाची बस आहेच.

आता दुसरा प्रश्न. एकट्या माणसाला तिकडे खोली कितीपर्यंत मिळेल? लवकर सांगा.

दांडियाबाजार (गुरुवार, ९:५२)
बडोद्यात की हालोलमध्येच? स्वयंपाक करणार की डबा? शिफ्ट कुठली?

भीमथडीचा_स्वार (गुरुवार, ९:५४)
आणि मासळी?

धायरीकर_७९ (गुरुवार, १०:०१)
उद्या सांगतो. पहाटे पाचला उठायचंय.