नेमणूक पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये, असे माझे मत आहे

मांडवीकाठ, फोंडा

माझ्या भाचीला वेर्णा औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरी मिळाली. अकरा पानांचा इंग्रजी करार मेलवर आला आणि सोबत दोन दिवसांत सही करून पाठवण्याची सूचना होती. घरातल्या सगळ्यांचे लक्ष पगाराच्या आकड्यावर होते. मी मात्र तो छापून म्हापशातील परिचयाच्या वकिलांकडे नेला. त्यांनी पेन्सिलीने तीन खुणा केल्या. पहिली खूण होती ती नोकरी सोडल्यावर दोन वर्षे देशात कोठेही दुसऱ्या औषध कंपनीत काम न करण्याच्या अटीवर. दुसरी, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास तीन लाख रुपये भरण्याच्या बाँडवर. प्रशिक्षण कोणते आणि किती दिवसांचे, याचा त्यात उल्लेखच नव्हता. तिसरी, वाद उद्भवल्यास तो केवळ मुंबईच्या न्यायालयातच चालेल या वाक्यावर.

आपण जमिनीचा व्यवहार करताना एक-चौदाचा उतारा चार जणांना दाखवतो, पण आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या कागदावर लिहून देतो तो शेवटपर्यंत वाचतही नाही. वकिलाची फी कितीही जास्त वाटली तरी ती या तीन लाखांपेक्षा कमीच असते. आपणा सर्वांचे मत जाणून घ्यायला आवडेल.

वेर्ण्याचा एचआर

मी गेली अठरा वर्षे याच क्षेत्रात आहे, त्यामुळे टेबलाच्या पलीकडची बाजू मांडतो. उमेदवाराने स्वतः फोन करून नोटिशीची मुदत तीनऐवजी दोन महिन्यांची करता येईल का, असे विचारले तर आम्ही ते वरिष्ठांसमोर ठेवतो आणि पुष्कळदा ते मान्यही होते. तोच प्रश्न वकिलाच्या लेटरहेडवर आला की फाईल मुख्य कार्यालयाच्या विधी विभागाकडे जाते, तेथे तीन आठवडे पडून राहते आणि तोवर यादीतील दुसऱ्या उमेदवाराला बोलावणे जाते. यात आकस कोणाचाच नसतो. जागा रिकामी ठेवणे परवडत नाही, एवढेच.

शिवाय आपल्या वकिलांनी पहिली खूण केली ती अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार तशीही टिकत नाही. मग जी अट मुळातच पोकळ आहे तिच्यासाठी रुजू होण्यापूर्वीच वाद कशाला? बाँडबद्दल म्हणाल, तर विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांची सेवा आणि दोन लाख रुपयांची अट वैध ठरवली आहे. बाँड म्हणजे अन्याय, हे समीकरण आता सोडून द्यायला हवे.

पर्वरी वकिली

पोकळ अट लिहायचीच कशाला, हा माझा एचआर साहेबांना प्रश्न आहे. माझ्या मते ती न्यायालयासाठी लिहिलेली नसते, ती भीतीसाठी लिहिलेली असते. बावीस वर्षांच्या मुलीला कलम २७ ठाऊक नसते. तिला नोटीस येते, तिच्या नव्या कंपनीलाही तिची प्रत जाते आणि नवी कंपनी नको ती कटकट म्हणून देऊ केलेली नोकरी मागे घेते. खटला उभा राहण्यापूर्वीच त्या अटीचे काम झालेले असते. नोकरी चालू असताना दुसरीकडे काम न करण्याची अट १९६७ च्या गोलिकरी खटल्यात मान्य झाली आणि नोकरी संपल्यानंतरची बंदी १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनीच्या खटल्यात फेटाळली गेली. एवढा जुना निवाडा असूनही तीच वाक्ये प्रत्येक करारात उतरवली जातात.

विजया बँकेचा निकाल मी वाचला आहे. ती सार्वजनिक क्षेत्रातील बँक होती आणि माणूस मध्येच गेला तर खुल्या स्पर्धेतून पुन्हा भरती करावी लागते, तिचा खर्च आणि वेळ न्यायालयाने विचारात घेतला. त्यातून कोणत्याही खाजगी कंपनीने कोणताही आकडा लिहावा असा अर्थ निघत नाही. कलम ७४ प्रमाणे करारातील रक्कम ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाई तेवढीच मिळते.

लेटरहेडबाबत मात्र मी त्यांच्याशी पूर्ण सहमत आहे. वकिलाने पडद्यामागे राहावे. मी माझ्या पक्षकारांना मेलचा मजकूर लिहून देतो, पण तो त्यांच्याच नावाने आणि चार ओळींतच जातो. उदाहरणार्थ बाँडसाठी: ‘वसुली ही प्रशिक्षणावर प्रत्यक्ष झालेल्या आणि पावत्यांनी सिद्ध होणाऱ्या खर्चापुरती असावी, आणि पूर्ण केलेल्या प्रत्येक महिन्यागणिक ती छत्तिसाव्या भागाने कमी व्हावी.’ हे वाक्य वाचून कोणाचीही फाईल विधी विभागाकडे जाण्याचे कारण नाही.

कळंगुटचा हॉटेलवाला

माझ्याकडे चौदा खोल्या आहेत आणि माझा करार एका पानाचा आहे. नाताळच्या आठवड्यात माझा स्वयंपाकी पाचशे रुपये जास्त मिळतात म्हणून शेजारच्या शॅकमध्ये गेला, तेव्हा मला कोणत्या कलमाने वाचवले? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, आता प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र देणे बंधनकारक आहे आणि सोडून जाणाऱ्याचा हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता करायचा आहे. म्हणजे वकिलाची फी आता मलाच मोजावी लागणार. नोकरदारांचीच बाजू सतत मांडली जाते, म्हणून लिहिले.

तारवटीपुत्र

माझे वडील तीस वर्षे बोटीवर होते. मुंबईतील एजंटच्या कार्यालयात उभ्या-उभ्या सही केली आणि त्याच संध्याकाळी बॅग भरली, अशी त्यांची पहिली नोकरी. आज दर्यावर्द्यांसाठी २००६ चा सागरी कामगार करार आहे, भारताने तो २०१५ मध्ये स्वीकारला, आणि त्यात स्पष्ट म्हटले आहे की सही करण्यापूर्वी करार तपासण्याची आणि त्यावर सल्ला घेण्याची संधी खलाशाला मिळालीच पाहिजे. माझ्या धाकट्या भावाने आपला करार घरी ओसरीवर बसून वाचला, ओव्हरटाइमच्या ओळीखाली रेघ मारली आणि एजंटला फोन करून खुलासा मागितला. एजंट रागावला नाही. प्रत्यक्षात अजूनही ‘उद्याचे विमान आहे, लगेच सही पाठव’ असे फोन येतात, हेही खरे. पण निदान त्याला दाखवायला एक नियम आहे. भर समुद्रातील माणसाला जो अवकाश मिळतो, तो वेर्ण्यातील मुलीला दोन दिवसांत का गुंडाळावा लागतो, याचे उत्तर एचआर साहेबांनी द्यावे.

वेर्ण्याचा एचआर

मुदतीचा मुद्दा मला मान्य आहे. दोन दिवस कमीच आहेत आणि आठवडा देण्यात आमचे काही बिघडत नाही. वकिलाचा आग्रह मात्र मला अजूनही पटत नाही. ज्या मुलाला हातात अठरा हजार मिळणार आहेत त्याने पहिला पगार होण्याआधीच सल्ल्यासाठी पैसे मोजावेत, हे सांगणे सोपे आहे. कोंकणी किंवा मराठीत दोन पानांचा सारांश जोडला, तर यातले निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत.

पर्वरी वकिली

पैशांचे उत्तर कायद्यातच आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते, आणि विधी सेवेच्या व्याख्येत केवळ खटला चालवणेच नव्हे तर कायदेशीर सल्ला देणेही येते. जिल्हा प्राधिकरणाकडे करार वाचून घ्यायला मात्र क्वचितच कोणी जाते. लोक येतात ते नोकरी गेल्यावर. सारांशाची कल्पना चांगली आहे, पण त्यात आणि इंग्रजी मजकुरात फरक पडला तर कोणता ग्राह्य धरायचा, हेही लिहून ठेवावे लागेल. तेव्हा तुम्हाला पुन्हा वकीलच लागेल, साहेब.

मांडवीकाठ, फोंडा

पुढे काय झाले ते कळवतो. भाचीने स्वतःच्या नावाने चार ओळींचा मेल पाठवला. कंपनीने बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जाईल असे मान्य केले. मुंबईच्या न्यायालयाची ओळ बदलायला ते तयार झाले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये नोकरीच्या करारातील अशी अट ग्राह्य धरली आहे, हे वकिलांनी समजावल्यावर आम्हीही ताणले नाही. दोन वर्षांच्या बंदीबद्दल एचआरने फोनवर सांगितले की ती अट सगळ्यांच्याच करारात असते आणि आजवर कोणावरही वापरलेली नाही. भाचीने हेच वाक्य मेलवर लिहून मागितले. त्याला आज नऊ दिवस झाले, उत्तर आलेले नाही. रुजू होण्याची तारीख सोमवारची आहे.