मदत हवी आहे: हायड्रोजनची ज्योत टिपायला यूव्ही (अतिनील) एन्डोस्कोप कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी,

सिंगल सिलिंडर टेस्ट इंजिनवर हायड्रोजन जाळतोय. इंधनात कार्बनच नाही, त्यामुळे सीएचची (कार्बन-हायड्रोजन जोडीची) 431 नॅनोमीटरची निळी झाक मिळत नाही. भिस्त ज्योतीतल्या ओएचच्या (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीच्या) 308 च्या आसपासच्या अतिनील प्रकाशावर. इंटेन्सिफाइड (अंधुक प्रकाश वाढवून टिपणारा) कॅमेरा आहे, अडलंय एन्डोस्कोपपाशी, म्हणजे भोकातून आत बघायच्या भिंगांच्या नळीपाशी. हेडमध्ये 10 मिलिमीटरचंच भोक पाडता येतं, पुढे वॉटर जॅकेट (थंड करणाऱ्या पाण्याची पोकळी) लागतं.

लॅबमधला रॉड-लेन्स बोअरस्कोप बाद. त्याच्या काचा आणि त्या चिकटवणारं सिमेंट, दोन्ही 308 चा प्रकाश गिळतात. दोन कोटेशनं आलीत. एक नुसत्या फ्युज्ड सिलिकाचा, रंगदोष (वेगवेगळे रंग वेगळ्या अंतरावर फोकस होणं) तसाच ठेवलेला, एफ/4 (हा आकडा लहान तितका उजेड जास्त). दुसऱ्यात सिलिका आणि कॅल्शियम फ्लोराइडच्या जोड्या, यूव्ही आणि दृश्य प्रकाश एकाच फोकसला, पण एफ/8 आणि किंमत दुपटीवर.

मला उजेड हवाय, आणि एफ/4 ला तो चौपट. 1500 आरपीएमला क्रँकचा एक अंश म्हणजे 111 मायक्रोसेकंद. ज्योतीची कड सेकंदाला 15 मीटर धरली तरी तेवढ्यात ती पावणेदोन मिलिमीटर सरकते, म्हणजे एक्स्पोजर वाढवायची सोय नाही. कॅमेऱ्याचा गेन (प्रकाश वाढवायचं प्रमाण) वाढवला की चित्रभर दाणेदार रवा. फिल्टर 10 नॅनोमीटरचाच पट्टा सोडणारा लावणार, मग रंगदोषासाठी पैसे कशाला मोजू? पण सर म्हणतात, पुढे सीएनजीवर 431 पण बघायचंय.

आणि तुलना करायची कशी? एमटीएफ (बारीक तपशील किती स्पष्ट उतरतो त्याचे आलेख) सगळे दृश्य प्रकाशातलेच देतात. एका ब्रोशरवर ठळक 'यूव्ही', आलेख मात्र 350 पासून सुरू!

प्रतिसाद:
310 ची एलईडी आणि यूएसएएफ टार्गेट (स्पष्टता तपासायची बारीक रेघांची पट्टी) घ्या. टार्गेट क्वार्ट्झवरचंच हवं, साधी काच तिथे बराच प्रकाश अडवते. मध्यावर सगळेच छान दिसतात, कडेला बघा. एफ/4 घ्या असंच म्हणेन, पण सिलिकाच्या भिंगाची फोकस लांबी 431 ला 308 पेक्षा साधारण 4 टक्के जास्त असते आणि रिलेत (नळीतून चित्र पुढे नेणाऱ्या भिंगांच्या रांगेत) हा फरक साठत जातो. मागची रिंग फिरवून तो भरून निघतो का, हे लेखी घ्या. दुसरा घेतलात तर पुढचं भिंग कशाचं ते आधी विचारा. कॅल्शियम फ्लोराइड सिलिकाच्या तीसपटीहून जास्त प्रसरण पावतं, तापमानाच्या झटक्याने तडकतं.

धागाकर्ता:
आभार! दोघांनाही आजच मेल टाकतो. क्वार्ट्झचं टार्गेट पुण्यात कुणाकडे चार दिवसांसाठी मिळेल का? येऊन नेईन, आणून देईन.