मदत हवी आहे: नागपूरच्या घरचा राऊटर पुण्यातून उघडायचाय, डीडीएनएस लावूनही जमून नाही राहिलं

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, पण सगळं आधीच सांगितलं तर तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

आईबाबा नागपूरला मानेवाड्याकडे राहतात, दोघंच, मी नोकरीमुळे पुण्यात. घरी एका लोकल इंटरनेटवाल्याचं फायबर आहे, त्याचा ओएनटी (फायबर लागतो तो डबा) ब्रिज मोडमध्ये आहे, म्हणजे नेट नुसतं पुढे पाठवतो, आणि पीपीपीओई (इंटरनेटवाल्याचं लॉगिन) माझ्या राऊटरमधून लागतं. दारावर कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर हॉलमध्ये. राऊटर भिंतीवर उंच लावलाय कारण खाली कूलरचं पाणी उडतं. नेट जरा अडलं की बाबा स्टुलावर चढतात, आणि मागे कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणून त्यांनी पिन घालून रिसेट दाबलं, तर पीपीपीओईचं युजरनेम, पासवर्ड, वायफायचं नाव, सगळं उडालं आणि माणूस येईपर्यंत घर बिनानेटचं. बाबा सत्तरीच्या पुढचे, गुडघे दुखतात, त्यांना त्या स्टुलावर चढायची वेळच येऊ नये एवढंच मला पाहिजे.

दिवाळीला घरी होतो तेव्हा राऊटरमध्ये डायनॅमिक डीएनएस (डीडीएनएस, बदलत्या आयपीला एक कायमचं नाव) चालू केलं, नो-आयपी नावाच्या साइटवर फुकटचं नाव घेतलं, राऊटरच्या पानावर 'सक्सेस' असं हिरवं येऊन राहिलं. मग रिमोट मॅनेजमेंट (राऊटरचं पान बाहेरून उघडायची सोय) ८०८० पोर्टवर चालू केलं आणि मोबाईल डेटावरून ते नाव टाकून बघितलं तर पान फिरत राहतं आणि शेवटी टाइमआऊट. डीव्हीआरचं पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं आत डीव्हीआरकडे पाठवणं) पण केलं, तेही तसंच. रिमोट मॅनेजमेंट लगेच बंद करून ठेवलं कारण ते सगळ्या जगाला उघडं ठेवणं मनाला पटत नाही.

एक गोष्ट खटकली. राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.७८ ने सुरू होणारा दिसतो, आणि घरच्याच वायफायवरून 'माझा आयपी कोणता' असं सर्च केलं तर १०३ ने सुरू होणारा दिसतो. डीडीएनएसचं नाव पिंग केलं तर तोच १०३ वाला येतो. म्हणजे नाव अपडेट होतंय, मग आत का जाता येत नाही?

माझे प्रश्न असे की हे राऊटरचं सेटिंग चुकतंय की इंटरनेटवाल्याकडूनच अडलंय, आणि अडलं असेल तर स्टॅटिक आयपी (न बदलणारा, फक्त आपला पत्ता) न घेता काही रस्ता आहे का, आणि मुख्य म्हणजे आईबाबांचं घर उघडं न पडता हे कसं करायचं. माझा मावसभाऊ नंदनवनला राहतो, तो घरी जाऊन हाताने करायचं ते करून देईल, पण त्याला नेटवर्किंग येत नाही, त्यामुळे पायरी-पायरीने सांगावं लागेल.

प्रतिसाद:

भाऊ, उत्तर तुम्ही स्वतःच लिहून ठेवलंय, १००.७८ मध्ये. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते २०१२ मध्ये फक्त एका कामासाठी राखून ठेवले, इंटरनेटवाल्याच्या आतल्या नॅटसाठी (एका पत्त्यामागे अनेकांना बसवणं), ज्याला सीजीनॅट म्हणतात. म्हणजे तुमच्या राऊटरला खरा पब्लिक आयपी मिळालेलाच नाही. तो १०३ वाला तुमच्यासारख्या बऱ्याच घरांमध्ये वाटलेला आहे. पूर्ण फ्लॅट स्कीमला एकच पत्ता आणि आलेलं पार्सल कोणत्या फ्लॅटला द्यायचं ते वॉचमनला कुणी सांगितलेलंच नाही, असं समजा. तुमच्याकडून बाहेर गेलेल्या गोष्टीचं उत्तर परत येतं कारण त्याची नोंद असते, पण बाहेरून स्वतःहून आलेलं कनेक्शन तिथेच पडतं, तुमच्या राऊटरपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे पोर्ट फॉरवर्डिंग कितीही करा, उपयोग शून्य.

डीडीएनएस आपलं काम बरोबर करतंय. त्याचं काम एवढंच, की नावासमोर आत्ताचा आयपी लिहायचा. तो आयपी तुमचाच आहे का हे ते बघत नाही. 'सक्सेस'चा अर्थ तेवढाच.

इंटरनेटवाल्यावर लगेच रागावू नका. आशियाला पत्ते वाटणाऱ्या रजिस्ट्रीकडे आयपीव्ही४ चा (जुन्या, चार आकड्यांच्या पत्त्यांचा) शेवटचा मोठा साठा एप्रिल २०११ ला वापरायला लागला, तो १०३ ने सुरू होणाराच. त्यातून एका संस्थेला जास्तीत जास्त १०२४ पत्ते द्यायचा नियम होता, नंतर २०१९ ला तो ५१२ वर आणला. उशिरा धंद्यात आलेल्या छोट्या इंटरनेटवाल्याकडे तेवढेच पत्ते असतील आणि गिऱ्हाईक हजारोंनी असतील तर तो प्रत्येकाला वेगळा पत्ता देणार कुठून?

प्रतिसाद:

वरच्यांनी कारण सांगितलं, मी धोक्याचं सांगतो कारण ते लोक हसण्यावारी नेतात. समजा उद्या पैसे भरून पब्लिक आयपी घेतला, तरी ८०८० वर राऊटरचं लॉगिन पान उघडं ठेवू नका. पोर्ट बदलून ८०८० चं ४५००० केलं म्हणजे कुणाला सापडणार नाही हा गैरसमज आहे, इंटरनेटवरचे सगळे आयपीव्ही४ पत्ते दिवसरात्र स्कॅन होत असतात. आणि बऱ्याच घरगुती राऊटरवर ते पान साध्या एचटीटीपीवर चालतं, म्हणजे तुमचा पासवर्ड रस्त्यात कुणालाही वाचता येईल असा जातो.

डीव्हीआरचं तर त्याहून वाईट. २०१६ मध्ये मिराई नावाचं मालवेअर पसरलं होतं, ते फक्त कंपनीने दिलेले डीफॉल्ट युजरनेम-पासवर्ड टाकून कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर ताब्यात घ्यायचं. त्या फौजेने २१ ऑक्टोबर २०१६ ला डिन नावाच्या डीएनएस कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत तासन्‌तास अडल्या. ही डिन म्हणजे तीच, जिचं फुकटचं डायनॅमिक डीएनएस आपण सगळे २०१४ पर्यंत वापरायचो. लोकांच्या घरचे उघडे डीव्हीआर वापरूनच तिला पाडलं. म्हणून सांगतो, डीव्हीआरचं फॉरवर्डिंग आजच काढा आणि राऊटरमधलं यूपीएनपी बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच तुम्हाला न विचारता पोर्ट उघडतो.

एक साधा प्रश्न पण विचारतो. नेटच पूर्ण गेलं तर तुम्ही पुण्यातून राऊटर उघडणार कसा? डीडीएनएस असो का काहीही असो, लाइनच नाही तर आत जाता येणार नाही. बाबा स्टुलावर कधी चढतात ते आधी नीट विचारा. लाइट गेल्यावर की वायफाय दिसतं पण चालत नाही तेव्हा?

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. डीव्हीआरचं फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी मावसभावाने आज जाऊन काढलं.

बाबांना विचारलं. उन्हाळ्यात आणि वादळाच्या संध्याकाळी लाइट जाऊन-येऊन करते तेव्हा राऊटर अर्धवट चालू होतो, वायफाय दिसतं पण पुढे काही नाही, हे एक. दुसरं म्हणजे टीव्ही पाच गिगाहर्ट्झवाल्या वायफायवरून सुटतो आणि परत लागत नाही, तेव्हा नेट चालूच असतं. हे दुसरं जास्त होतं आणि ते मी इथून सोडवू शकतो, म्हणून रस्ता तर पाहिजेच.

इंटरनेटवाल्याला फोन केला, तो स्टॅटिक आयपी देतो पण पूर्ण वर्षाचे पैसे आधी मागतो. आयपीव्ही६ चं (नव्या, लांब पत्त्यांच्या पद्धतीचं) विचारलं तर राऊटरमध्ये चालू करून बघा म्हणाला. ते चालू केलं तर २४०१ ने सुरू होणारा लांबलचक पत्ता आलाय! आयपीव्ही६ मध्ये नॅट नसतं असं वाचलंय, मग त्यावर डीडीएनएस लावलं तर काम होईल का?

प्रतिसाद:

मी सांगते, कारण माझं माहेर कामठीला आणि मी आयपीव्ही६ आणि त्याला पर्याय असलेला दुसरा रस्ता, दोन्ही करून बघितलंय.

आयपीव्ही६ ने होतं पण तुमच्या गरजेला पुरेल असं मला वाटत नाही. एक तर तुम्ही जिथून बघणार तिथेही आयपीव्ही६ पाहिजे. जिओच्या मोबाईल डेटावर मिळतं, पण बऱ्याच ऑफिसच्या वायफायवर नसतं, म्हणजे नेमकं दिवसा अडणार. दुसरं, नॅट नसलं तरी राऊटरचा आयपीव्ही६ फायरवॉल बाहेरून येणारं अडवतो आणि ते बरोबरच आहे, त्यात एका पोर्टपुरती वाट काढायची सोय स्वस्त राऊटरमध्ये असतेच असं नाही. तिसरं, पत्त्याचा सुरुवातीचा अर्धा भाग इंटरनेटवाला बदलू शकतो, मग डीडीएनएसच्या क्लायंटला आयपीव्ही४ सोबत आयपीव्ही६ ची नोंदही अपडेट करता आली पाहिजे. डकडीएनएसला ते जमतं, पण राऊटरमधला क्लायंट ती नोंद पाठवतो का ते बघा.

मी काय केलं ते सांगते. एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर) राऊटरच्या लॅन पोर्टला लावला आणि त्यावर टेलस्केल टाकलं, म्हणजे आपल्याच उपकरणांना जोडणारं खाजगी नेटवर्क (व्हीपीएन). आतून ते वायरगार्ड हे व्हीपीएनच वापरतं. कनेक्शन घरातून बाहेर जातं त्यामुळे सीजीनॅटचा प्रश्नच येत नाही, डीडीएनएस लागत नाही, एकही पोर्ट उघडावं लागत नाही. घरगुती वापराला फुकट आहे. त्या पायला सबनेट राऊटर (घरच्या बाकी उपकरणांपर्यंतची वाट) केलं की घरातलं सगळं, राऊटरचं पान, डीव्हीआर, टीव्ही, तुम्ही हॉलमध्ये बसल्यासारखं पुण्यातून उघडतं आणि राऊटरचं रिमोट मॅनेजमेंट बंदच राहतं.

पण करताना चार जागी माणूस अडतो ते आधीच लक्षात ठेवा. पायवर आयपी फॉरवर्डिंग (आलेलं पुढच्या उपकरणाकडे पाठवणं) चालू करावं लागतं, आणि तुम्ही जाहीर केलेला रूट (घरच्या नेटवर्कचा रस्ता) टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर जाऊन मंजूर करावा लागतो, हे दुसरं बहुतेक लोक विसरतात आणि मग चालत नाही म्हणतात. त्या पायची 'की एक्स्पायरी' (लॉगिनची मुदत) बंद करा, नाहीतर १८० दिवसांनी ते आपोआप लॉगआऊट होईल आणि तेव्हा तुम्ही पुण्यातच असाल. आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट, तुमच्या पुण्याच्या खोलीतला राऊटर आणि नागपूरचा राऊटर दोघंही १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० वर असतील तर गोंधळ होतो, लॅपटॉपला कळतच नाही कोणत्या घरी जायचं. नागपूरच्या घरातल्या पत्त्यांची रेंज बदलून १९२.१६८.५७ असं काहीतरी करा, जे सहसा कुठे नसतं. रेंज बदलली की डीव्हीआरला हाताने दिलेला आयपी असेल तर तोही बदलावा लागेल, ते मावसभावाला सांगून ठेवा. टेलस्केलमध्ये पायला स्वतःचा पत्ता १०० नेच सुरू होणारा मिळेल, तो बघून परत सीजीनॅट समजू नका, त्यांनी तीच रेंज वापरलीये.

प्रतिसाद:

ताईंनी छान सांगितलं. ज्यांना बाहेरच्या कंपनीवर अवलंबून राहायचं नाही त्यांच्यासाठी जोडतो. छोटा व्हीपीएस (इंटरनेटवरचा सर्व्हर) भाड्याने घेऊन त्यावर वायरगार्ड टाका, घरचा पाय त्याला बाहेर जाऊन जोडेल, कॉन्फिगमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (ठराविक वेळाने 'मी आहे' असा छोटा निरोप) २५ सेकंद ठेवा म्हणजे नॅटमधली वाट बंद होत नाही. वायरगार्ड २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) आहे, पायला अजिबात जड जात नाही.

आणि पुढेमागे पब्लिक आयपी घेतला आणि डीडीएनएसच्या नावावर वायरगार्ड लावलं तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. वायरगार्ड ते नाव फक्त सुरू होताना विचारतं. घरचा आयपी बदलला तर चालू असलेलं कनेक्शन जुन्याच पत्त्यावर धडकत राहतं, बंद करून परत चालू केलं की लागतं. लोक उगाच डीडीएनएसला दोष देतात. तपासताना पण मोबाईल डेटावरूनच तपासा, घरच्या वायफायवर बसून स्वतःचंच बाहेरचं नाव उघडणं बऱ्याच राऊटरला जमत नाही.

लाइटचं म्हणाल तर राऊटर आणि ओएनटी दोघांनाही बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावा, मात्र अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचूनच घ्या. लाइट आत-बाहेर झाल्यावर अर्धवट चालू होण्याचा त्रास त्यानेच जाईल. पाय पाच व्होल्टवर चालतो, त्याच्यासाठी तसा पोर्ट असलेला यूपीएस बघा, कारण लाइटच्या झटक्याने पायचं मेमरी कार्ड खराब होतं.

धागाकर्ता:

झालं! शनिवारी मावसभाऊ घरी गेला, मी व्हिडिओ कॉलवर. रेंज बदलून १९२.१६८.५७ केली, पाय लावला, रूट मंजूर केला, 'की एक्स्पायरी' बंद केली. मग मोबाईल डेटावरून राऊटरचं पान उघडलं आणि टीव्हीचं पाच गिगाचं चॅनल ऑटोवरून काढून ३६ वर पक्कं केलं, तेव्हापासून टीव्ही सुटलेला नाही. डीडीएनएस आणि रिमोट मॅनेजमेंट दोन्ही बंद. आता डीव्हीआर मला पुण्यातून दिसतो असं आईला सांगितल्यावर तिने आधी विचारलं की आतल्या खोलीतलं तर दिसत नाही ना, नाही दिसत हे तिला कॅमेऱ्याचं चित्र दाखवून सांगितलं. ते सांगणं मला गरजेचं वाटलं, घर त्यांचं आहे.

यूपीएस सीताबर्डीहून आणायला मावसभावाला सांगितलंय. एकच राहिलं. ओएनटीवर अडॅप्टर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलंय आणि राऊटरवर १२ व्होल्ट १.५, तर दोन्ही एकाच यूपीएसवर चालतील का दोन घ्यावे लागतील?

प्रतिसाद:

एकच चालेल, पण दोन्ही मिळून अडीच अँपिअर होतात, म्हणून १२ व्होल्टला ३ अँपिअर देणारा आणि दोन आऊटपुट असलेला घ्या. दुकानदाराला बॉक्सवरचा आकडा दाखवायला लावा, बरेच छोटे यूपीएस २ अँपिअरचेच असतात. आणि मे महिन्यात तो भिंतीवर बंद पेटीत ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात बॅटरी फुगते, मोकळ्या हवेत पण कूलरच्या पाण्यापासून दूर ठेवायला सांगा.