अ‍ॅव्हेंटससारखा वास कमी पैशांत
एकाने विचारलंय की क्रीड कंपनीचा महागडा परफ्यूम अ‍ॅव्हेंटस परवडत नाही, तसा वास स्वस्तात कशात मिळेल. आरमाफ कंपनीचा क्लब द न्युई इंटेन्स मॅन घ्या, बिनधास्त. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मारल्या मारल्या लिंबाचा झणका थेट नाकात जातो, पण त्यावरून मत बनवू नका. वीस-पंचवीस मिनिटांत तो बसतो आणि मागचा धुरकट, लाकडी वास वर येतो. खरी मजा तिथे आहे. म्हणूनच वाशीच्या मॉलमध्ये असो की ठाण्यात गोखले रोडला, कागदाची पट्टी हुंगून लगेच पैसे देऊ नका. मनगटावर मारा, बाहेर एक चक्कर टाका, मग ठरवा.

डिओरच्या सोवाज इलिक्सिर या परफ्यूमच्या जवळचा हवा तर लताफा कंपनीचा असद. मात्र तो गोड-मसालेदार आहे, थंडीतल्या संध्याकाळीच शोभतो. मे महिन्यात ठाणे-वाशी लोकलच्या गर्दीत शेजारच्याचा जीव गुदमरेल. उन्हाळ्यात मी तरी कनौजचं वाळ्याचं अत्तर सांगेन, कानामागे एक थेंब. त्यात अल्कोहोल नसतं, त्यामुळे ते भसकन उडून जात नाही.

स्टेशनबाहेर मोठ्या ब्रँडच्या नावाने मिळणाऱ्या बाटल्यांना मात्र हात लावू नका. त्यात काय भरलंय कोणालाच ठाऊक नसतं, आणि ते थेट कातडीवर जातं.