टॅमॉक्सिफेन स्तनात इस्ट्रोजेनला अडवते, मग गर्भाशयात तेच इस्ट्रोजेनसारखे कसे वागते?

प्रश्न: स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर माझी आई रोज २० मिलिग्रॅम टॅमॉक्सिफेन घेते. हे औषध इस्ट्रोजेनला अडवते, असे डॉक्टरांनी सांगितले; पण गर्भाशयाचे अस्तर वाढू शकते, म्हणून पाळी बंद झालेली असूनही अंगावरून गेल्यास लगेच कळवा, असेही बजावले. रिसेप्टर म्हणजे कुलूप आणि औषध म्हणजे किल्ली, असे मी फार्मसीच्या वर्गात शिकले. मग एकाच किल्लीने एक दार बंद व्हावे आणि दुसरे उघडावे, हे कसे?

उत्तर १: कुलूप-किल्लीची उपमा इथे अपुरी पडते. इस्ट्रोजेनचा हा रिसेप्टर पेशीच्या केंद्रकात असतो आणि जोडीने डीएनएवरील ठरावीक खुणेवर बसतो. मात्र जनुक चालू करण्यासाठी त्याला सहसक्रियक प्रथिनांची मदत लागते. इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या खोबणीत शिरले की त्याची बारावी हेलिक्स, म्हणजे प्रथिनसाखळीचा मळसूत्रासारखा वळलेला एक भाग, झाकणासारखी तिच्यावर मिटते आणि त्या प्रथिनांना धरायला जागा तयार होते. टॅमॉक्सिफेनची लांब बाजूसाखळी मात्र खोबणीबाहेर डोकावते, त्यामुळे झाकण मिटत नाही. उलट ती हेलिक्स सहसक्रियकांच्याच जागेवर जाऊन पडते. १९९८ साली स्फटिकरचनेत हे स्पष्ट दिसले, आणि माझ्या मते या विषयातले इतके बोलके चित्र दुसरे नाही. स्तनाच्या पेशीत मग जनुक बंद करणारी सहदमनक प्रथिने येतात, हिस्टोनवरील (डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवरील) अॅसिटिल नावाचे रासायनिक गट काढले जातात, डीएनए घट्ट गुंडाळलेला राहतो आणि जनुक गप्प बसते.

प्रश्नकर्ती: स्तनाचे समजले, पण गर्भाशयातही हेलिक्स तशीच आडवी येत असणार ना?

उत्तर २: हो, तिथेही तशीच येते, फरक आहे तो पेशीतल्या सोबत्यांचा. रिसेप्टरच्या दुसऱ्या टोकाला, हेलिक्सवर अवलंबून नसलेला आणखी एक सक्रिय भाग असतो. २००२ साली दिसून आले की गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशींत एसआरसी-१ हे सहसक्रियक स्तनाच्या पेशींपेक्षा जास्त असते आणि टॅमॉक्सिफेन असतानाही ते काही जनुकांवर येते. पेशींच्या वाढीला चालना देणारे सी-मिक हे जनुक त्यांपैकी एक. तिथे रिसेप्टर डीएनएला थेट न धरता दुसऱ्या प्रथिनांच्या आधाराने बसतो. एसआरसी-१ कमी केल्यावर टॅमॉक्सिफेनचा हा उत्तेजक परिणाम नाहीसा झाला, म्हणून मला हा पुरावा भक्कम वाटतो. आईंना गोळी मनाने बंद करू देऊ नका. अंगावरून थोडेसे गेले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.