पेसाहच्या सामानावरचे शिक्के: गरज किती आणि धास्ती किती?

अश्दोदची_लेक
दरवर्षी पेसाह या ज्यूंच्या सणाआधी दुकानात जीव गुदमरतो. पाण्याच्या बाटलीवर 'पेसाहसाठी कोशेर' (धर्मनियमाला चालणारं) असा शिक्का, ॲल्युमिनियम फॉइलवर तेच. पेसाहला बंद असतं ते हामेत्स, म्हणजे गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं पीठ पाण्यात भिजून फुगलेलं. मत्साला, म्हणजे सणाच्या न फुगवलेल्या भाकरीला, तर भिजवल्यापासून भाजेपर्यंत 18 मिनिटंच मिळतात. यातलं पाण्याच्या बाटलीत काय असणार? अमेरिकेतली ओयू ही शिक्का देणारी मोठी संस्था स्वतःच सांगते की फॉइलला आणि खायच्या सोड्याला पेसाहचा शिक्का लागत नाही. तरी आमच्या शेजारच्या आजी पेन्शनमधून शिक्क्याचंच महाग सामान घेतात. गेल्या वर्षी त्यांनी आठवडाभर रक्तदाबाची गोळी बंद ठेवली, तिच्यात स्टार्च असेल म्हणून! न विचारता औषध थांबवू नका, असं रब्बी (ज्यू धर्मगुरू) किती वेळा सांगतात. या भीतीचा मला राग येतो.

ठाणेकर_बेने
ताई, पाण्याचं आणि गोळीचं शंभर टक्के मान्य. पण घरातल्या हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचा. आपण वापरतो तो बांधानी हिंग, त्यात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आमटीत चिमूटभर टाकलं की झालं. काही व्हिनेगरही धान्याच्या मद्यापासून बनतं. आजीच्या काळी मसाला घरी कुटायचे, तेव्हा शिक्का नव्हता कारण गरजच नव्हती. आता कारखान्यात एकाच यंत्रावर काय काय दळतात, हे मी ठाण्यात बसून कसं बघणार? माझ्या वतीनं कुणीतरी तिथे जाऊन बघतंय, एवढाच माझ्यासाठी शिक्क्याचा अर्थ.

अश्दोदची_लेक
हिंगाचं लक्षातच आलं नव्हतं. तिथे शिक्का हवाच. पण भाताचं काय? माझं सासर पोलंडकडचं. तिथे तांदूळ, डाळी, मका सगळं 'किटनियोत' म्हणून बंद. ही प्रथा 13व्या शतकातल्या फ्रान्समध्ये दिसते, आणि पुढच्याच शतकात रब्बेनू येरुहाम यांनी तिला मूर्खपणाची प्रथा म्हटलं. तालमुद या जुन्या धर्मग्रंथात तर राव हुना हे रब्बी सेदरच्या, म्हणजे पेसाहच्या रात्रीच्या विधीच्या जेवणाच्या, ताटासाठी बीट आणि भात सांगतात! अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह नावाच्या ज्यू पंथाच्या रब्बींनी 2015 साली किटनियोत खायला परवानगी दिली. पण आमच्याकडे बिस्किटाच्या पुड्यावर 'फक्त किटनियोत खाणाऱ्यांसाठी' असं दिसलं की सासूबाई तो पुडा टेबलावरही ठेवू देत नाहीत.

दिमोना_काका
पोरी, दुसऱ्याच्या प्रथेला मूर्ख म्हणू नकोस, म्हणणारा कितीही मोठा असो. तांदळाच्या पोत्यात गव्हाचे दाणे मिसळायचे, ही भीती खरी होती. माझी आई पेसाहआधी सूप घेऊन ओट्यावर बसायची आणि तांदूळ तीनदा निवडायची, दाणा न् दाणा. तांब्याची भांडी कल्हईला जायची, घराला चुना लागायचा. हे तिच्यावर कुणी लादलं नव्हतं. भात मात्र आम्ही आठही दिवस खाल्ला.

रब्बीनेटचं, म्हणजे इस्राएलमधल्या मुख्य रब्बींच्या सरकारी संस्थेचं, मला कौतुक नाही. 1962 साली लग्नाआधी आम्हा बेने इस्राएलांच्या (भारतातल्या मराठी ज्यूंच्या) पिढ्या तपासायचा आदेश काढला यांनीच. 1964 मध्ये जेरुसलेमला त्याविरुद्धच्या आंदोलनाला मीही बसलो होतो. तरी मी शिक्का बघून घेतो, कारण नातवाचे मित्र जेवायला येतात. माझ्या घरचं ताट कुणी नको म्हणू नये.

ठाणेकर_बेने
काका, अगदी हेच मला म्हणायचं होतं.

अश्दोदची_लेक
काका, पाहुण्यासाठी शिक्का बघणं पटलं, तेवढं मी करेन. पण पाहुण्याच्या मानासाठी आजींची गोळी बंद राहणार असेल तर मी भांडेन. म्हणून या सणाआधी मी सासूबाईंच्या रब्बींना फोन लावणार आहे, आजींना शेजारी बसवून. आणि ठाणेकर, पीठ नसलेला खडा हिंग मिळाला तर मला नक्की कळवा.