पहिली बारा बोर, क्लेसाठी, कमी बजेटमध्ये: तीनपैकी कोणती?

दिंडोरीकर_७२:

नमस्कार. राहायला नाशिक शहरात, शेती दिंडोरी तालुक्यात. शस्त्र परवाना हातात आला आहे, बंदूक अजून घेतलेली नाही. ट्रॅप, म्हणजे यंत्रातून उडवलेल्या तबकड्या (क्ले) बंदुकीने फोडण्याचा खेळ, शिकायचा आहे. बंदुकीसह सगळं मिळून दीड लाखाच्या आत बसवायचं आहे. तीन पर्याय समोर आहेत:

१) जुनी बर्मिंगहॅमची दुनळी, बारा बोर, नळ्या २८ इंच, चेंबर (काडतूस बसतं तो भाग) ६५ मिमी, उजवी हाफ चोक, डावी फुल (चोक म्हणजे नळीचं तोंडाशी अरुंद होणं). एका परवानाधारक गृहस्थांकडची.
२) आपल्या ऑर्डनन्स फॅक्टरीची दुनळी, बारा बोर, ७० मिमी, वापरलेली. डीलरकडे आहे.
३) वीस बोर (बारापेक्षा अरुंद नळी), आडवी दुनळी (नळ्या शेजारी-शेजारी), वजन जेमतेम २.७ किलो. हातात घेतल्यावर फार आवडली.

अमेरिकन लोक रानातल्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी जे सल्ले देतात ते बरेच वाचले. सगळे म्हणतात हलकी बंदूक, वीस बोर, २६ इंची नळी, मोकळा चोक. म्हणून मन तिसऱ्याकडे झुकतंय. शिवाय द्राक्ष पिकायला लागली की बागेत पाखरं फार येतात, तिथेही कामाला आली तर बरं. जाणकारांनी सांगावं.

गोदाकाठ:

दादा, आधी शेवटच्या वाक्याबद्दल. बागेतल्या पाखरांवर बंदूक नको, हवेत बार काढून हुसकवायलाही नको. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ९ ने शिकारीला बंदी आहे. त्या कायद्यातल्या ‘शिकार’ शब्दात मारणं तर येतंच, पण पाठलाग करणं, हाकून काढणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. तित्तर, लावा, मोर, कशालाच सूट नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात बेपर्वा किंवा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. बागेला जाळी लावा.

अंतराचाही विचार करा. छर्र्याचा व्यास इंचात घेऊन २२०० ने गुणला की तो जास्तीत जास्त किती यार्ड जाईल याचा अंदाज मिळतो. क्लेचा २.४ मिमीचा छर्रा साधारण १९० मीटर जातो. एसजी, एलजीसारखा ८ मिमीच्या पुढचा दाणा सहाशे मीटरच्या पलीकडे पडतो. दिंडोरीत एवढ्या टप्प्यात वस्ती, गोठा, रस्ता यांपैकी काहीतरी असतंच. म्हणून बार काढायचा तो अधिकृत रेंजवरच.

पहिला पर्याय खासगी माणसाकडून आहे. अशा व्यवहारात विकणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावं लागतं. आज पैसे देऊन उद्या बंदूक घरी, असं होत नाही. परवान्यावर काडतुसांची मर्यादा काय लिहिली आहे तेही बघा. आठवड्याला एक राउंड म्हणजे २५ काडतुसं, वर्षाला १,३००. साध्या परवान्यात एवढी बसणं अवघड. २०१६ च्या शस्त्र नियमांत नेमबाजांसाठी वेगळ्या तरतुदी आहेत, त्यासाठी रायफल असोसिएशनचं सभासदत्व आधी घ्या आणि मग बंदुकीचं बघा.

चोक_आणि_चाप:

वरचं सगळं बरोबर. आता बंदुकीवर येतो.

तुम्ही वाचलेले सल्ले चुकीचे नाहीत, ते वेगळ्या कामाचे आहेत. तिकडे माणूस दिवसभर गवतातून, बांधावरून चालतो, बंदूक सतत हातात असते आणि दिवसात मोजके बार होतात. पक्षी पायाजवळून उठतो, वीस-तीस मीटरवर बार होतो. म्हणून वजन कमी, नळी आखूड, चोक मोकळा. ट्रॅपमध्ये हे सगळं उलटं आहे. चालायचं नसतं, एका बैठकीत पन्नास ते शंभर बार होतात आणि क्ले तुमच्यापासून लांब पळत असते. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये नेमबाज यंत्रांच्या खंदकामागे १५ मीटरवर उभा असतो. पहिला बार सुटेपर्यंत क्ले साधारण ३२-३५ मीटरवर पोहोचते, दुसऱ्याला चाळीसच्या आसपास.

आता वजन. काडतूस तेच ठेवलं तर धक्क्याची ऊर्जा बंदुकीच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. २.७ किलोच्या बंदुकीत ती ३.५ किलोच्या बंदुकीपेक्षा सुमारे तीस टक्के जास्त. पहिल्या दहा बारांना काही वाटत नाही. तिसऱ्या राउंडला खांदा आखडतो, चाप ओढायच्या आधीच डोळा मिटतो आणि ती सवय पुढे वर्षभर सुटत नाही. शिकणाऱ्याचं सर्वात मोठं नुकसान इथे होतं. शिवाय हलकी नळी झुलवताना मध्येच थांबते आणि बार क्लेच्या मागे जातो. बारा बोरमध्ये २४ ग्रॅमचं काडतूस वापरा. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमात तेवढंच चालतं आणि छर्रा २.६ मिमीपेक्षा मोठा चालत नाही. वीस बोरमध्येही २४ ग्रॅम मिळतात, पण अरुंद नळीतून तेवढेच छर्रे जाताना त्यांचा स्तंभ लांब होतो. आणि आपल्याकडे वीस बोरची काडतुसं मिळणं बारा बोरइतकं सोपं नाही, हे तर रोजचंच दुखणं होईल. म्हणून तिसरा पर्याय माझ्या मते बाद.

पहिल्याचा चोक ट्रॅपला चालण्यासारखा आहे. चाळीस यार्डांवर ३० इंचांच्या वर्तुळात हाफ चोक साधारण ६० टक्के छर्रे ठेवतो, फुल ७० टक्के. अडचण चेंबरची. काडतुसाची लांबी झाडल्यानंतर, तोंड पूर्ण उघडल्यावर मोजतात. न झाडलेलं ७० मिमीचं काडतूस दुमडलेल्या तोंडामुळे जेमतेम ५८ मिमी भरतं, म्हणून ६५ च्या चेंबरमध्ये ते बिनबोभाट बसतं. झाडल्यावर तोंड उघडायला जागा नसते, ते पुढच्या निमुळत्या भागात घुसतं, वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. बसलं म्हणजे चाललं, असं इथे मुळीच धरू नका. ६५ मिमीची काडतुसं कायम मिळतील याची खात्री असेल तरच पहिला पर्याय विचारात घ्या. चेंबर परस्पर लांब करून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. तिथे नळीची भिंत आधीच पातळ असते आणि लांब केल्यावर प्रूफचा, म्हणजे नळी दाबाच्या चाचणीत उतरल्याचा, शिक्का निरर्थक ठरतो.

म्हणून दुसरा. पण बघितल्याशिवाय नाही.

जुनीनळी:

दुसरा असो की पहिला, बघायची पद्धत एकच. डीलरला आधी सांगून ठेवा की बंदूक खोलून दाखवावी लागेल. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

सर्वात आधी उघडून दोन्ही चेंबर रिकामे आहेत हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. मग नंबर. नळीवरचा, ॲक्शनवरचा (नळ्यांमागचा, घोडे-चाप बसवलेला लोखंडी भाग) आणि कागदावरचा जुळला पाहिजे. खोडलेला किंवा घासलेला नंबर असेल तर ती बंदूक हातातही धरू नका, तो स्वतंत्र गुन्हा आहे.

नळ्या काढून उजेडाकडे धरा आणि सावकाश फिरवा. आतल्या प्रकाशाच्या कडा सरळ रेषेत धावल्या पाहिजेत. एखाद्या जागी अंगठीसारखी गोल सावली दिसली तर तिथे नळी फुगलेली आहे. नळीत काही अडकलेलं असताना बार काढला की हे होतं. अशी नळी दुरुस्त होत नाही. बाहेरून पोचा असेल तर आत चंद्रकोरीसारखी सावली दिसते. तो चांगला कारागीर काढू शकतो, पण नळीची जाडी मोजल्यावरच. चेंबरच्या लगेच पुढे आणि चोकच्या मागे गंजाचे खड्डे शोधा. तेल पुसून मग बघा, कारण विकायच्या बंदुकीला आतून तेल चोपडलेलं असतं आणि ओल्या नळीत खड्डे झाकले जातात. नळीवर बाहेरून लाकडाच्या शिरांसारखी किंवा वेलबुट्टीसारखी नक्षी धातूतच दिसत असेल तर ती दमास्कस नळी. जुन्या काळ्या दारूसाठीची. आजचं काडतूस तिच्यात नको. बर्मिंगहॅमच्या बंदुकीवर नळीच्या पोटाशी नायट्रो प्रूफचा (आजच्या बिनधुराच्या दारूसाठीच्या चाचणीचा) शिक्का आहे का बघा. १९५४ नंतरच्या शिक्क्यात मुकुटाखाली बीएनपी असतं, त्याआधीच्यावर एनपी. शिक्का नसेल तर विषय संपला.

नळ्या खालच्या आकड्याला दोरी बांधून लटकवा आणि बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर मधली पट्टी पक्की आहे. थडथड असा बसका आवाज म्हणजे झाळलेला जोड कुठेतरी सुटलाय, आत ओल शिरून गंज चालू आहे.

मग बंदूक जोडा, पण पुढचं लाकूड न लावता. दस्ता काखेत धरून नळ्या डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवा. खडखड लागली की बिजागरी झिजली आहे. पुढचं लाकूड लावलं की ही खडखड दबते, म्हणूनच ते काढायचं. नळ्यांचा मागचा तोंडवळा आणि ॲक्शनची भिंत यांच्यात सिगारेटच्या कागदाची पट्टी ठेवून बंद करा. पट्टी घट्ट धरली गेली पाहिजे, सहज निसटली तर फट आहे.

चापासाठी दोन स्नॅप कॅप (नकली काडतुसं) लागतील. रिकामा घोडा पाडू नका, पिन तुटतात. ताणकाट्याने मोजा: पुढचा चाप दीड ते पावणेदोन किलो, मागचा थोडा जड. आपल्या बंदुकींचे चाप यापेक्षा बरेच जड निघू शकतात, ते कारागिराकडून बेताने हलके होतात. फार हलका चाप मात्र धोक्याचा. सेफ्टी लावून चाप ओढा, सोडा, मग सेफ्टी काढा. सेफ्टी काढताक्षणी घोडा पडला तर ती बंदूक जीवघेणी आहे. सेफ्टी काढून दस्त्याच्या तळव्यावर हाताने दोन-तीन दणके द्या, घोडा पडता कामा नये. एक चाप ओढल्यावर दुसरा घोडा आपोआप पडत नाही ना, हेही बघा. पडला तर दोन्ही बार एकदम उडतील.

दस्त्याच्या मनगटापाशी (मुठीत धरायच्या बारीक भागापाशी) आणि वरच्या लोखंडी पट्टीच्या मागे केसाएवढी तडा आहे का, ते लाकूड दोन्ही हातांनी हलकं पिळून बघा. तडा तिथेच पडते, कारण जुनं तेल मुरून लाकूड मऊ झालेलं असतं.

दिंडोरीकर_७२:

सर्वांचे मनापासून आभार. वीस बोरचा विचार सोडला, बागेला जाळीच. काल डीलरकडे जाऊन ऑर्डनन्सची वरच्या क्रमाने पाहिली. नाद स्वच्छ, खडखड नाही, नळीत एक-दोन बारीक डाग. मागचा चाप अडीच किलोच्या आसपास. पण खांद्याला लावली की मला नळीवरचा मणी दिसत नाही, ॲक्शनचं मागचं टोक आड येतं. उंची पाच फूट पाच. घ्यावी का?

चोक_आणि_चाप:

काका, हे दस्त्याच्या मापाचं आहे, बंदुकीचा दोष नाही. गाल लाकडाला टेकलेला असताना डोळा फार खाली जातोय. गालाच्या जागी लाकडावर १.५ मिमीची चामड्याची किंवा फेल्टची पट्टी चिकटवा, एकेक थर चढवत जा. मणी दिसायला लागून त्याच्याखाली नळ्यांमधल्या पट्टीचा अगदी थोडा भाग दिसला की थांबा. लाकूड कापू नका, चिकटवलेली पट्टी काढता येते.

लांबी बघायला बंदूक खांद्याला लावा आणि चापावर बोट ठेवा. नाक आणि उजव्या अंगठ्याच्या सांध्यात दोन बोटं अंतर राहायला हवं. तुमच्या उंचीला चाप ते तळवा १४ इंच बहुतेक पुरेल. लांब असेल तर कपड्यात अडकते आणि दंडावर बसते.

घ्यायच्या आधी प्रमुख डोळा कोणता ते तपासा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या खांबाकडे बोट करा, मग डावा डोळा मिटा. बोट खांबावरच राहिलं तर उजवा प्रमुख. बाजूला सरकलं तर डावा, आणि उजव्या खांद्यावरून मारणार असाल तर चष्म्याच्या डाव्या काचेवर बुबुळासमोर एक रुपयाएवढी धूसर टेप लावावी लागेल. हे न तपासता महिनोन्‌महिने चुकत राहणारे बरेच असतात, आणि खापर चोकवर फुटतं.

रेंजवर पहिल्या दिवशी क्ले नको. १६ यार्डांवर, म्हणजे साडेचौदा मीटरवर मोठा कागद लावा, मध्ये ठळक ठिपका काढा आणि दोन्ही नळ्यांतून पाच-पाच बार. छर्र्यांचा गठ्ठा ठिपक्याच्या किती वर-खाली पडतो ते मोजा. या अंतरावर गालाखालचा १.६ मिमीचा बदल गठ्ठ्याला एक इंच हलवतो. ट्रॅपची क्ले वर चढत असते, म्हणून गठ्ठा एक-दोन इंच वर पडू द्या. चोकवर कोरलेल्या खुणांवर विसंबू नका, ३६.५ मीटरवर ३० इंचांच्या वर्तुळात छर्रे मोजून टक्केवारी काढा. २.४ मिमीच्या २४ ग्रॅममध्ये तीनशेच्या आसपास छर्रे असतात. छर्र्याचा नंबर इंग्लिश आणि अमेरिकन पद्धतीत वेगळा असतो. इंग्लिश ६ नंबर २.६ मिमी, अमेरिकन ६ नंबर २.८ मिमी. पेटीवर मिलिमीटर वाचूनच घ्या.

तर हो, घ्या. मागचा चाप दोन किलोवर आणून घ्या. बारीक डाग चेंबरच्या पुढे नसतील तर त्यांची काळजी नको.

जुनीनळी:

दोन गोष्टी राहिल्या. आडव्या दुनळीचं पुढचं लाकूड बारीक असतं. वीस बार झाले की डावा हात थेट तापलेल्या नळीवर येतो. चामड्याचं कव्हर किंवा हातमोजा पहिल्या दिवसापासून वापरा. कानाला मफ आणि डोळ्यांना चष्मा तर हवाच.

साफसफाईत प्लास्टिक वॅडचा (काडतुसातल्या छर्र्यांमागच्या बुचाचा) थर ब्रासच्या ब्रशने काढा, मग सुकं कापड, मग तेलाचा अगदी पातळ हात. ॲक्शनमध्ये तेल ओतू नका, ते मागे ओघळून दस्त्याच्या डोक्यात मुरतं. पहिले काही दिवस बंदूक तोंड खाली करून ठेवा. पावसाळ्यात नाशिकची हवा, आणि त्र्यंबक-इगतपुरीकडे राहत असाल तर फारच, कापडी म्यानात ओल धरते. घरी आल्यावर म्यानातून काढून, कुलपाच्या कपाटात सिलिका जेलसोबत ठेवा, काडतुसं वेगळ्या कुलपात. पितळी तळाला हिरवट कळंक चढलेलं किंवा फुगून चेंबरमध्ये अडणारं काडतूस दाबून घालू नका, बाजूला काढा.

आणि पुढे कधी घरात वीस बोर आलीच तर तिची काडतुसं बाराच्या पिशवीत कधीही नको. वीसचं काडतूस बाराच्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून बाराचं बसतं, आणि बार झाला की नळी फाटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याच कारणाने.